झपाटलेला २

झपाटलेला २ हा ७ जून २०१३ रोजी प्रदर्शित झालेला मराठी भयविनोदी चित्रपट आहे. महेश कोठारे यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९९३ सालच्या 'झपाटलेला' या चित्रपटाचा उत्तरभाग असून तो मराठीतील पहिला त्रिमितीय (थ्रीडी) चित्रपट म्हणून ओळखला जातो. मृत्यूच्या क्षणी मंत्राच्या बळावर आपला आत्मा एका बोलक्या बाहुल्यात घालणारा गुंड तात्या विंचू हे दोन्ही चित्रपटांतील खलपात्र होय. पहिल्या चित्रपटाचे नायक लक्ष्मीकांत बेर्डे यांचे २००४ साली निधन झाले होते. त्यामुळे उत्तरभागाची कथा नायकाच्या पुढच्या पिढीकडे वळवावी लागली आणि दोन चित्रपटांना जोडणारा मुख्य दुवा म्हणून बाहुलाच पुढे आला.

पार्श्वभूमी

महेश कोठारे यांनी 'छोटा जवान' (१९६३) या चित्रपटातून बालकलाकार म्हणून चित्रपटसृष्टीत प्रवेश केला. दिग्दर्शक म्हणून 'धुमधडाका' (१९८५), 'दे दणादण' (१९८७), 'थरथराट' (१९८९) आणि 'धडाकेबाज' (१९९०) या चित्रपटांनी त्यांना मोठे यश मिळवून दिले. या चित्रपटांमधून महेश कोठारे आणि लक्ष्मीकांत बेर्डे ही जोडी मराठी प्रेक्षकांच्या परिचयाची झाली. कोठारे सरळमार्गी व धाडसी तरुणाची, तर बेर्डे भोळ्या, घाबरट आणि हजरजबाबी 'लक्ष्या'ची भूमिका करीत. विनोदाच्या जोडीला अद्भुत किंवा भयकारक घटना योजणे हा या चित्रपटांचा विशेष होता. तांत्रिक नावीन्याकडेही कोठारे यांचा ओढा होता. 'धडाकेबाज' हा मराठीतील पहिला सिनेमास्कोप चित्रपट मानला जातो. 'झपाटलेला २' त्रिमितीत करण्याचा निर्णय याच ओढीचा पुढचा टप्पा होता.

'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटाची मूळ कल्पना 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकी भयपटावरून घेतलेली आहे. त्या चित्रपटात चार्ल्स ली रे नावाचा खुनी पोलिसांच्या गोळीने मरता मरता वुडू मंत्र म्हणून एका खेळण्यातील बाहुल्यात शिरतो. मराठी चित्रपटात ही कल्पना श्रीरंगपूर या गावात आणली आहे. तात्या विंचू हा कुख्यात गुंड बाबा चमत्कार या मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो. इन्स्पेक्टर महेश जाधव याच्या गोळीने जखमी झाल्यावर तो जवळच असलेल्या एका बाहुल्यात आपला आत्मा घालतो. पुढे हा बाहुला लक्ष्याच्या घरी येऊन पोहोचतो. बाहुल्याच्या देहातून सुटका हवी असेल, तर ज्या माणसाला आपले गुपित प्रथम सांगितले त्याच्याच शरीरात शिरावे लागेल, असे तात्या विंचूला समजते. तो माणूस म्हणजे लक्ष्या. बाहुल्याच्या दोन भुवयांच्या बरोबर मध्ये गोळी लागली तरच त्याचा अंत होईल, ही या कथेतील दुसरी अट आहे.

पहिल्या चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांनी तात्या विंचूची भूमिका केली आणि बाहुल्याला आवाजही दिला. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी बाहुला घडवला व त्याच्या हालचाली साकारल्या. राघवेंद्र कडकोळ यांनी बाबा चमत्कार, बिपिन वारती यांनी कुबड्या खवीस आणि मधू कांबीकर यांनी लक्ष्याची आई या भूमिका केल्या. हा चित्रपट हिंदीत 'खिलौना बना खलनायक' या नावाने ध्वनिमुद्रित करून प्रदर्शित करण्यात आला. दूरचित्रवाणीवरील वारंवार प्रक्षेपणांमुळे १९९३ नंतर जन्मलेल्या पिढीलाही तात्या विंचू परिचित झाला.

कथानक

उत्तरभागाची कथा पहिल्या चित्रपटातील घटनांनंतर बऱ्याच वर्षांनी सुरू होते. लक्ष्या आता हयात नाही. तात्या विंचूचा आत्मा मात्र बाहुल्यातच अडकून राहिला आहे. बाहुला पुन्हा जागा होतो तेव्हा त्याच्यासमोर मूळचाच प्रश्न उभा राहतो. ज्याच्या शरीरात शिरायचे तो माणूसच उरलेला नसेल, तर सुटका कशी व्हावी? बाबा चमत्काराकडून त्याला याचे उत्तर मिळते. लक्ष्या नसला तरी त्याचा वारस चालेल. त्यामुळे तात्या विंचू लक्ष्याचा मुलगा आदित्य बोळके याच्या मागे लागतो. आदित्य आणि त्याची आजी, म्हणजे लक्ष्याची आई, यांच्यावर नवे संकट येते आणि पोलीस अधिकारी महेश जाधव याला आपल्या जुन्या शत्रूशी पुन्हा सामना करावा लागतो.

मूळ चित्रपटातील 'पहिल्याने गुपित कळलेला माणूस' ही अट उत्तरभागात 'त्या माणसाचा वारस' अशी विस्तारली आहे. मूळ नायकाच्या अनुपस्थितीत कथा पुढे नेण्यासाठी हा बदल आवश्यक होता. बापाचे देणे मुलाकडे येते, ही कल्पना मराठी प्रेक्षकाला अनोळखी नसल्यामुळे हा बदल कथेत सहज सामावतो.

कलाकार

• आदिनाथ कोठारे – आदित्य बोळके, लक्ष्याचा मुलगा
• महेश कोठारे – महेश जाधव, पोलीस अधिकारी
• दिलीप प्रभावळकर – तात्या विंचू
• मधू कांबीकर – लक्ष्याची आई
• राघवेंद्र कडकोळ – बाबा चमत्कार

सोनाली कुलकर्णी ('नटरंग' चित्रपटातील अभिनेत्री), सई ताम्हणकर आणि मकरंद अनासपुरे यांच्याही चित्रपटात महत्त्वाच्या भूमिका आहेत.

आदिनाथ कोठारे हे महेश कोठारे यांचे पुत्र होत. 'माझा छकुला' (१९९४) या वडिलांच्याच चित्रपटात त्यांनी बालकलाकार म्हणून काम केले होते आणि 'वेड लावी जीवा' (२०१०) मधून ते नायक म्हणून पडद्यावर आले. 'झपाटलेला २' मध्ये लक्ष्याच्या मुलाची भूमिका दिग्दर्शकाच्या मुलाने केली आहे. लक्ष्मीकांत बेर्डे यांचे पुत्र अभिनय बेर्डे यांनी त्यानंतर काही वर्षांनी, 'ती सध्या काय करते' (२०१७) या चित्रपटाद्वारे पदार्पण केले.

लक्ष्मीकांत बेर्डे यांची अनुपस्थिती

लक्ष्मीकांत बेर्डे यांचे १६ डिसेंबर २००४ रोजी मुंबईत निधन झाले. 'झपाटलेला'च्या उत्तरभागासमोरील सर्वांत मोठी अडचण हीच होती. पहिल्या चित्रपटातील भय मुख्यतः लक्ष्याच्या प्रतिक्रियांतून प्रेक्षकांपर्यंत पोहोचत होते. बाहुला बोलतो, चालतो, मारतो हे केवळ लक्ष्याला माहीत असते. इतरांना ते सांगण्याची त्याची धडपड, त्यावर कोणी विश्वास न ठेवणे आणि घडलेल्या प्रकारांचा संशय त्याच्यावरच येणे यांतून एकाच वेळी हसू आणि भीती निर्माण होते. निर्जीव वस्तू सजीव असल्याची खात्री प्रेक्षकाला पटवण्याचे काम तिच्यासमोर उभा असलेला नटच करीत असतो. बाहुल्याकडे पाहून बेर्डे दचकतात, म्हणून बाहुला जिवंत वाटतो.

उत्तरभागात हे काम एका नटाकडून अनेकांकडे विभागले गेले. आदित्यचे पात्र लक्ष्याची नक्कल करीत नाही. ते रूढ अर्थाने तरुण नायकाचे पात्र आहे. चित्रपटातील विनोदाचा बराच भार मकरंद अनासपुरे यांच्यावर आहे. भीतीचा भार जुन्या पात्रांवर, म्हणजे आजी, महेश जाधव आणि बाबा चमत्कार यांच्यावर येतो. तात्या विंचू काय करू शकतो हे या तिघांनी पूर्वी पाहिलेले असते. त्यामुळे पहिल्या भागातील 'कोणी विश्वास ठेवत नाही' ही परिस्थिती येथे तितकीशी टिकत नाही आणि बाहुल्याचा प्रवेश प्रेक्षकांच्या दृष्टीने रहस्य न राहता पुनर्भेट ठरतो. लोकप्रिय भयपटांच्या उत्तरभागांत हे नेहमी घडते. पहिल्या भागात जे अज्ञात असते ते दुसऱ्या भागात परिचित झालेले असते आणि खलपात्राविषयी प्रेक्षकांच्या मनात एक प्रकारची आपुलकीही निर्माण झालेली असते.

बाहुला आणि शब्दभ्रम कला

तात्या विंचूचा बाहुला हा कळसूत्री बाहुल्यांच्या परंपरेतला नाही. तो शब्दभ्रम कलेतील 'बोलक्या बाहुल्यां'च्या कुळातला आहे. कळसूत्री बाहुली वरून दोऱ्यांनी नाचवली जाते. बोलका बाहुला मात्र कलाकाराच्या मांडीवर किंवा हातावर बसतो. त्याच्या पाठीतून आत गेलेल्या हाताने डोके फिरवले जाते आणि आतील कळ दाबून खालचा जबडा हलवला जातो. कलाकार स्वतःचे ओठ न हलवता बोलतो आणि आवाज बाहुल्याकडून येत असल्याचा भ्रम निर्माण करतो. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण ओठ मिटल्याखेरीज उच्चारता येत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी जवळचे ध्वनी योजणे हा या कलेतील अवघड भाग समजला जातो.

महाराष्ट्रात ही कला रुजवण्यात यशवंत पाध्ये आणि त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांचा मोठा वाटा आहे. यशवंत पाध्ये यांचा 'अर्धवटराव' हा बाहुला मराठी रंगमंचावर प्रसिद्ध झाला आणि रामदास पाध्ये यांनी तो पुढे चालवला. रामदास पाध्ये हे शिक्षणाने यांत्रिकी अभियंते असल्यामुळे बाहुल्यांच्या आतील रचनेवरही त्यांनी काम केले. दूरचित्रवाणीवरील लिज्जत पापडाच्या जाहिरातीतील ससा हीदेखील त्यांचीच निर्मिती होय. तात्या विंचू ही त्यांची चित्रपटातील सर्वाधिक ओळखली जाणारी निर्मिती आहे.

रंगमंचावर बाहुला आणि कलाकार प्रेक्षकांना एकत्र दिसतात आणि दोघांमधील संवाद हाच खेळाचा गाभा असतो. चित्रपटात याच्या उलट स्थिती असते. बाहुला एकटा आहे असे दाखवायचे असल्याने कलाकाराला चौकटीबाहेर किंवा सामानाआड राहावे लागते. आवाजही पुढे स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित होतो. त्यामुळे तात्या विंचू हे पात्र दोन कलाकारांत विभागलेले आहे. देहाच्या हालचाली पाध्ये यांच्या आणि आवाज प्रभावळकरांचा. प्रभावळकरांच्या खरखरीत, गुरगुरत्या स्वरामुळे लहानशा बाहुल्याला मोठ्या माणसाचे वजन येते. पात्राची ओळख इतकी आवाजावर अवलंबून असल्यामुळे वीस वर्षांनंतरच्या उत्तरभागातही तोच आवाज कायम ठेवणे महत्त्वाचे ठरले.

त्रिमिती तंत्र

माणसाच्या दोन डोळ्यांमध्ये साधारण साडेसहा सेंटीमीटर अंतर असते. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना समोरचे दृश्य किंचित वेगवेगळ्या कोनांतून दिसते आणि मेंदू या दोन प्रतिमा जुळवून खोलीचा अंदाज घेतो. त्रिमितीय चित्रपटात याच तत्त्वाचा उपयोग केला जातो. शेजारी शेजारी बसवलेल्या दोन भिंगांनी दोन प्रतिमा टिपल्या जातात. चित्रपटगृहात त्या एकाच पडद्यावर दाखवल्या जातात आणि प्रेक्षकाच्या चष्म्यामुळे प्रत्येक डोळ्याला त्याच्याच वाट्याची प्रतिमा दिसते. ध्रुवित प्रकाशावर चालणाऱ्या पद्धतीत यासाठी चंदेरी लेप असलेला विशेष पडदा लागतो, कारण साध्या पांढऱ्या पडद्यावरून परावर्तित होताना प्रकाशाचे ध्रुवण नष्ट होते.

भारतात या तंत्राचा पहिला यशस्वी वापर 'माय डिअर कुट्टिचातन' (१९८४) या मल्याळम चित्रपटात झाला. त्याची हिंदी आवृत्ती पुढे 'छोटा चेतन' या नावाने देशभर गाजली. 'अवतार' (२००९) या हॉलिवूडपटाच्या यशानंतर अंकीय त्रिमितीला जगभर नवी मागणी निर्माण झाली. हिंदीत 'हाँटेड – थ्रीडी' (२०११) आणि 'राझ ३' (२०१२) हे भयपट त्रिमितीत आले. 'झपाटलेला २' याच लाटेत मराठीत आलेला चित्रपट आहे.

भयपट आणि त्रिमिती यांचा मेळ जुना असला तरी त्यात काही अडचणीही असतात. चष्म्यामुळे पडद्यावरील प्रकाश बराच कमी होतो, म्हणून रात्रीची आणि अंधारी दृश्ये नेहमीपेक्षा अधिक उजळ ठेवावी लागतात. झपाट्याने बदलणाऱ्या चौकटींमुळे डोळ्यांना ताण पडतो. बाहुल्याच्या बाबतीत आणखी एक प्रश्न येतो. सपाट चित्रात कॅमेरा जवळ नेऊन लहान वस्तू मोठी भासवता येते, परंतु खोलीची जाणीव आली की वस्तूचे खरे आकारमान लपवणे कठीण होते. दोन भिंगांमधील अंतर वाढवले तर दृश्यातील सर्वच गोष्टी खेळण्यांसारख्या लहान दिसू लागतात. हातभर उंचीच्या बाहुल्याने मोठ्या माणसांवर हल्ला करावा, या कथेत हा तोल विशेष जपावा लागतो. दुसऱ्या बाजूने, बाहुल्याने प्रेक्षकाच्या दिशेने झेप घेणे किंवा शस्त्र रोखणे यांसारख्या प्रसंगांना त्रिमितीमुळे अधिक परिणामकारकता येते.

संगीत

चित्रपटाला अवधूत गुप्ते यांचे संगीत आहे. वैशाली सामंत यांनी गायलेली आणि सोनाली कुलकर्णी यांच्यावर चित्रित झालेली 'मदनमंजिरी' ही लावणी चित्रपटातील सर्वांत लोकप्रिय गीत ठरली. 'नटरंग' (२०१०) मधील लावणीमुळे सोनाली कुलकर्णी यांची नृत्यांगना म्हणून ओळख झाली होती. भयपटात लावणीचा समावेश हा पाश्चात्त्य भयपटांच्या घडणीहून वेगळा आहे. मात्र भय, विनोद, मारामारी आणि गाणी यांचे मिश्रण हा कोठारे यांच्या चित्रपटांचा पूर्वीपासूनचाच ढंग आहे.

'चाइल्ड्स प्ले' मालिकेशी तुलना

'चाइल्ड्स प्ले'ची कथा डॉन मॅन्चिनी यांची असून त्याचे दिग्दर्शन टॉम हॉलंड यांनी केले होते. चकी या बाहुल्याला ब्रॅड डुरिफ यांचा आवाज होता. त्याचा उत्तरभाग, 'चाइल्ड्स प्ले २', दोनच वर्षांनी, १९९० साली प्रदर्शित झाला आणि त्यात पहिल्या भागातील अँडी हा मुलगा त्याच बालकलाकाराने पुन्हा साकारला. त्यामुळे कथा सलग राहिली. चकीला पुन्हा त्याच मुलाच्या शरीराची आवश्यकता होती. 'झपाटलेला'च्या दोन भागांत वीस वर्षांचे अंतर पडले आणि लक्ष्या साकारणारा नटच उरला नाही.

दोन मालिकांमध्ये आणखीही काही भेद आहेत. अँडी हा सहा वर्षांचा मुलगा आहे. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण तो लहान आहे. लक्ष्या प्रौढ आहे. त्याच्यावर विश्वास बसत नाही तो त्याच्या भोळेपणामुळे. चकी हा कारखान्यात तयार झालेल्या हजारो खेळण्यांपैकी एक असतो आणि त्या कथेत बालकांवर होणाऱ्या जाहिरातींच्या माऱ्यावरील टीका दडलेली आहे. तात्या विंचूचा बाहुला हा कलावंताच्या हातातील एकमेव वस्तू आहे. पहिल्या 'चाइल्ड्स प्ले'मध्ये चकीचे मर्मस्थान हृदय आहे, तर तात्या विंचूचे भुवयांच्या मध्ये आहे. शिवाच्या तृतीय नेत्राच्या कल्पनेमुळे भुवयांमधील या जागेला भारतीय प्रेक्षकाच्या मनात आधीच अर्थ असतो. वुडू मंत्राच्या जागी मृत्युंजय मंत्र योजण्यातही हीच पद्धत दिसते.

चकीच्या मालिकेतही पुढे भय कमी होऊन विनोद वाढत गेला. 'ब्राइड ऑफ चकी' (१९९८) आणि 'सीड ऑफ चकी' (२००४) हे चित्रपट उघडपणे विनोदी होते. 'कर्स ऑफ चकी' या चित्रपटाद्वारे ही मालिका पुन्हा गंभीर भयाकडे वळली, ती २०१३ सालीच. मराठीत भय आणि विनोद यांची जोड पहिल्या भागापासूनच होती, त्यामुळे उत्तरभागाला असे वळण घ्यावे लागले नाही.

प्रभाव

'झपाटलेला २' प्रदर्शित झाला त्या वर्षी मराठीत 'बालक-पालक' आणि 'दुनियादारी' यांसारखे चित्रपटही आले. तरुण प्रेक्षक पुन्हा मराठी चित्रपटांकडे वळू लागल्याचा हा काळ होता. नव्या तंत्राबरोबरच जुन्या लोकप्रिय पात्राच्या आधारे दोन पिढ्यांतील प्रेक्षकांना एकत्र चित्रपटगृहात आणण्याचा प्रयत्न म्हणून या चित्रपटाकडे पाहिले जाते. मराठी चित्रपटांत एकाच खलपात्राभोवती रचलेल्या मालिका फार थोड्या आहेत. खलपात्र पुढील चित्रपटात पुन्हा आणण्याइतके लोकप्रिय होणे हे तात्या विंचूचे वेगळेपण होय.

पडद्याबाहेरही हा बाहुला टिकून राहिला आहे. पाध्ये कुटुंबाच्या बोलक्या बाहुल्यांच्या प्रयोगांतून तात्या विंचू प्रेक्षकांसमोर येत राहिला. त्याचा चेहरा, मंत्र आणि संवाद समाजमाध्यमांवरील विनोदांत वारंवार वापरले जातात. महेश कोठारे यांनी 'झपाटलेला'च्या तिसऱ्या भागाचीही घोषणा केली आहे.